'डार्कलिंग' म्हणजे अंधारात नेमकं कोण?

थॉमस हार्डीच्या 'द डार्कलिंग थ्रश' या कवितेचं नाव मराठीत कसं आणाल? थ्रश म्हणजे कस्तूर, तिथे फारसं अडत नाही. अडतं ते 'डार्कलिंग'पाशी. शब्दात 'डार्क' दिसतो, शेवटचं 'इंग' क्रियापदाचं वाटतं, म्हणून 'अंधारत जाणारा' किंवा 'काळोखा' असं काहीतरी सुचतं. पण तसं केलं, तर पक्षीच काळवंडतो आणि कविता हातची जाते.

मुळात ते 'इंग' नाहीच. शब्दाची फोड 'डार्क' अधिक 'लिंग' अशी आहे. (आपल्या व्याकरणातल्या लिंगाशी त्याचा काही संबंध नाही.) क्रियाविशेषण बनवणारा हा जुना इंग्रजी प्रत्यय. 'हेडलाँग', 'साइडलाँग' या शब्दांत तोच रूप बदलून बसलाय. तेव्हा 'डार्कलिंग'चा मूळ अर्थ 'अंधारात' एवढाच. अंधार हा त्या माणसाचा किंवा पक्ष्याचा गुण नव्हे. तो अंधारात असताना काहीतरी करतो आहे.

सॅम्युअल जॉन्सनसारखा कोशकारही इथे चकला. १७५५च्या आपल्या कोशात त्याने अंदाज केला की हे 'डार्कल' अशा एखाद्या क्रियापदाचं रूप असावं. मात्र ते क्रियापद आपल्याला कुठे सापडलं नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं. गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकात कवींनी 'डार्कल' खरोखरच वापरात आणलं. चुकीच्या फोडीतून एक नवा शब्द जन्माला आला!

अंधारात कोण आहे, हा प्रश्न धरून हा शब्द वाचत गेलं की त्याचा प्रवास उलगडतो. शेक्सपिअरच्या 'किंग लियर'मध्ये विदूषक तो मेणबत्ती विझल्यानंतरच्या अवस्थेसाठी वापरतो. दिवा गेला, आता चाचपडा, इतका साधा अर्थ. मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये (१६६७) पक्षी अंधारात गातो. तोवर मिल्टनची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तिसऱ्या सर्गाच्या आरंभी, प्रकाशाला आवाहन करताना तो स्वतःला या पक्ष्याशेजारी ठेवतो. अंधार इथे गाण्याच्या आड येत नाही. कीट्स १८१९ साली नाइटिंगेलवर कविता लिहितो, तेव्हा शब्द पक्ष्याकडून माणसाकडे येतो. आता अंधारात ऐकणारा आहे. पायाशी कोणती फुलं आहेत, हेही त्याला दिसत नाही. मग १८६७ साली छापल्या गेलेल्या 'डोव्हर बीच'मध्ये मॅथ्यू अरनॉल्ड त्याच शब्दाचं विशेषण करतो आणि ते अख्ख्या मैदानाला लावतो. रात्री एकमेकांवर तुटून पडणाऱ्या फौजांचं ते मैदान. आता एकटादुकटा नाही, सगळेच अंधारात.

हार्डीची कविता या सगळ्यांनंतरची. डिसेंबर १९००मध्ये 'द ग्राफिक'मध्ये ती छापली गेली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. त्यात शतकाच्या मृत्युशय्येचा उल्लेख होता. 'डार्कलिंग' नंतर आलं, आणि तेही फक्त शीर्षकात. कवितेच्या बत्तीस ओळींत हा शब्द कुठेही नाही. हिवाळ्यातली संध्याकाळ, प्रेतासारखा पसरलेला प्रदेश, आणि त्यात एक म्हातारा, अशक्त कस्तूर जीव ओतून गातो. एवढा आनंद करण्यासारखं कवीला आसपास काहीच दिसत नाही. त्याला वाटतं, पक्ष्याला एखादी आशा ठाऊक असावी, जी आपल्याला ठाऊक नाही.

जुनं नाव शतकाबद्दल होतं, नवं नाव पक्ष्याबद्दल आहे. त्यातला 'डार्कलिंग' व्याकरणाने विशेषण असला, तरी अर्थाने मिल्टनकडे परततो. कस्तूर काळा नाही, उदासही नाही; तो अंधारात गातो आहे. पण कवितेच्या शेवटी खऱ्या अर्थाने अंधारात राहतो तो ऐकणारा, कीट्ससारखा. आशा खरी की आपणच ती गाण्यात ऐकतोय, हे हार्डी ठरवत नाही. अरनॉल्डचं मैदानही डोळ्यांसमोर आहेच.

म्हणून मी 'अंधारातला कस्तूर' म्हणेन. मराठीत एका 'त'ने काम भागतं. 'अंधारलेला' म्हटलं की अंधार पक्ष्याला चिकटतो. 'अंधारातला' म्हटलं की पक्षी वेगळा राहतो, अंधार वेगळा राहतो, आणि गाणं ऐकू येतं.