एकच गुणांक, चार चित्रे

सहसंबंध गुणांक ०.८ च्या पुढे गेला, की 'संबंध दृढ' असे लिहून आपण मोकळे होतो. ही सवय मोडणारा एक लेख प्रत्येक गणित-शिक्षकाने वाचावा असा आहे. फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम यांचा हा लेख १९७३ साली 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन' या नियतकालिकात आला.

त्यात प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच आहेत. चारही संचांत क्ष ची सरासरी ९, य ची ७.५ आणि गुणांक ०.८२. आलेख काढला म्हणजे फरक दिसतो. पहिल्यात बिंदू एका रेषेभोवती विखुरलेले आहेत. दुसऱ्यात ते सुबक वक्रावर बसतात. तिसऱ्यात दहा बिंदू एका रेषेवर आणि एकच फटकून आहे. चौथ्यात दहा बिंदूंसाठी क्ष ८ च आहे. अकरावा बिंदू वगळला तर गुणांक काढताच येत नाही, कारण भाजक शून्य होतो!

या संचांची एक उणीव सांगायला हवी. ते मुद्दाम रचलेले आहेत. 'प्रत्यक्षात असे कुठे घडते?' असे विद्यार्थी विचारणारच. त्याचे उत्तर वर्गात शोधावे. मुलांची उंची व वजन मोजून आलेख काढावा, टोकाचा एक बिंदू वगळून गुणांक पुन्हा काढावा आणि तो किती हलला ते पाहावे.

गुणांक सांगतो तो फक्त बिंदू सरळ रेषेच्या किती जवळ आहेत एवढेच. कारण कोणते, हे तो सांगत नाही. म्हणून आलेखाविना आलेल्या उत्तराला पूर्ण गुण देऊ नयेत.