आभासी आवाजाची परीक्षा धंतोलीत घ्या

ऑगमेंटेड रिॲलिटीत समोरचे जग तसेच राहते आणि त्यात नसलेली वस्तू आणून ठेवली जाते. चित्राच्या बाबतीत हे आता बऱ्यापैकी साधते. आवाजाचे गणित अजून अडते. नागपुरातल्या धंतोली या रुग्णालयांच्या वस्तीत एखाद्या वेटिंग हॉलमध्ये ‘तीन नंबरच्या खोलीत या’ असा आभासी आवाज आला, तर तो त्याच दारातून आला असे वाटायला हवे. साध्या हेडफोनवर तो डोक्याच्या आतच बोलतो.

दिशा कशी कळते, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1907 सालीच मांडले. बाजूचा आवाज एका कानाला आधी पोचतो. हा फरक फार तर 0.7 मिलिसेकंदाच्या आसपास. डोक्याच्या आडोशामुळे दुसऱ्या कानाला तो दबून ऐकू येतो. समोर की मागे, वर की खाली, हे मात्र बाहेरच्या कानाच्या घडणीवर ठरते आणि ती प्रत्येकाची वेगळी. कॅलिफोर्नियातल्या सीआयपीआयसी प्रयोगशाळेने 2001 मध्ये 43 माणसे आणि एका पुतळ्याची 1250 दिशांतून कानापर्यंत आवाज कसा पोचतो याची मोजमापे खुली केली. बरीच वर्षे अशाच उसन्या कानांवर काम भागले. 2022 मध्ये ॲपलने आयफोनच्या कॅमेऱ्याने कान टिपून आवाज बेतण्याची सोय दिली. मान वळवली तरी आवाज दारापाशीच राहावा, हेही आता जमू लागले आहे. पण मानेच्या हालचालीनुसार आवाज बदलण्यातला उशीर 60-70 मिलिसेकंदांच्या पुढे गेला की आवाज मानेमागे फरफटतो.

खरी अडचण खोलीची. टाइल्सची फरशी आणि काचेचे पार्टिशन असलेल्या हॉलमध्ये टोकनचा पुकारा घुमतो. त्यात स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला कोरडा आवाज सोडला की तो उपरा ठरतो. जर्मनीतल्या इल्मेनाऊ विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले, की आवाजात ऐकू येणारी खोली आणि ऐकणारा बसला आहे ती खोली जुळली नाही तर आवाज डोक्याबाहेर असल्याचा भासच ओसरतो. 2024 मध्ये विक्रीला आलेला ॲपल व्हिजन प्रो आसपासचे पृष्ठभाग ओळखून घुमारा बेततो, तो यासाठीच.

मग यश मोजायचे कसे? खरा आणि बनावट आवाज लागोपाठ ऐकवून फरक विचारणे, ही कडक कसोटी. पण वापरणाऱ्यापुढे तुलनेला असा खरा नमुना कधी नसतोच. बर्लिनच्या लिंडाऊ आणि वाइन्झिअर्ल या संशोधकांनी 2012 मध्ये सोपा प्रश्न निवडला: हा आवाज खरा की बनावट? उत्तरे अंदाजाइतकीच बरोबर निघाली, तर आवाज पटण्याजोगा. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये ही कसोटी पुढे नेली आणि खऱ्या आवाजांच्या घोळक्यातच बनावट आवाज मिसळला. ऑगमेंटेड रिॲलिटीला लागू पडते ती हीच.

तरीही हे प्रयोग बहुतेक शांत खोलीत, बसलेल्या माणसावर होतात. धंतोलीत पाऊल टाकले की चित्र बदलते. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्रात, म्हणजे रुग्णालयांभोवतीच्या किमान 100 मीटरच्या घोषित टापूत, दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबलची मर्यादा आहे. गल्लीतले हॉर्न तिला जुमानत नाहीत. हा गोंगाट आभासी आवाजाला दोन्हीकडून गाठतो. घुमाऱ्याची शेपटी त्यात बुडते, त्यामुळे ढिसाळ कामही खपून जाते. पण त्याच वेळी दुचाकीचा हॉर्न कंपाउंडच्या भिंतीवर आपटून परततो आणि त्या जागेत आवाज कसा ऐकू यायला हवा, याचा वस्तुपाठच देतो. त्यापाठोपाठ आलेला, भिंतींना न शिवलेला आभासी आवाज उघडा पडतो. शांत खोलीतले गुण या गल्लीत जसेच्या तसे आणता येत नाहीत.

या कसोट्यांची दुसरी त्रुटी याहून गंभीर आहे. बाहेरचे जग मायक्रोफोनमधून कानात सोडणारे इअरबड खऱ्या हॉर्नचाही पोत बदलतात. तेव्हा बनावट आवाज खरा वाटल्याचे श्रेय उपकरणाला द्यायचे, की सगळेच सारखे बनावट वाटू लागल्याचा दोष? रस्ता ओलांडणाऱ्यासाठी हा प्रश्न जिवावरचा आहे. म्हणून ‘किती खोटे आवाज खरे वाटले’ या आकड्याशेजारी ‘किती खरे आवाज खोटे वाटले’ हाही आकडा छापायला हवा, आणि चाचणी कुठे, कोणत्या गोंगाटात, चालताना की बसून घेतली, हेही. हे तपशील नसतील, तर ‘हुबेहूब आवाज’ या दाव्याला जाहिरातीपेक्षा जास्त किंमत देऊ नये.