सामायिक आकडा आणि सामायिक व्याख्या

क्लाउडवर आधारलेली बिझनेस इंटेलिजन्सची साधने गेल्या दशकात व्यापारी पेढ्यांच्या कचेऱ्यांतून निघून शासकीय खात्यांत आणि विद्यापीठीय विभागांतही येऊन पोहोचली आहेत. पॉवर बीआय, टॅब्लो आदी साधनांची शिफारस करताना एक विधान हमखास केले जाते: आकडेवारी एका ठिकाणी साठविली व सर्वांच्या पडद्यावर एकाच वेळी दिसू लागली, की सहकार्य सिद्ध झाले. ‘सत्याची एकच आवृत्ती’ हे या मताचे घोषवाक्य होय. प्रस्तुत लेखात या विधानाचा परामर्श घ्यावयाचा आहे. कारण संशोधनाच्या दृष्टीने ते अर्धेच खरे आहे.

त्यातील खरा भाग प्रथम मान्य केला पाहिजे. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या अहवालांतून कोविडचे १५,८४१ रुग्ण गळाल्याचे उघडकीस आले. प्रयोगशाळांकडून आलेले निष्कर्ष एक्सेलच्या जुन्या स्वरूपाच्या फायलींत उतरविले जात. त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी निमूटपणे वगळल्या गेल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. फायली हातोहात फिरविण्याची पद्धती किती घातक ठरू शकते, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल. एक मध्यवर्ती कोठार आणि त्याला जोडलेले सामायिक अहवाल हा त्यावरील उपाय निःसंशय उपयुक्त आहे.

तथापि, आकडा सामायिक झाला म्हणून त्याचा अर्थ सामायिक झाला असे होत नाही. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने नोंदींचा मेळ घालून पूर्वी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकूण संख्येत मिळविले. त्यांपैकी ८६२ मुंबईतील होते. दैनंदिन मृत्यूंच्या आलेखात त्या दिवशी एक उंच सुळका उभा राहिला. ज्याला ही पार्श्वभूमी ठाऊक नाही, तो त्यावरून साथ एकाएकी भडकली असा निष्कर्ष काढणार. वस्तुतः ते मृत्यू आधीच्या दिवसांतील होते; आलेख मृत्यूच्या दिनांकाचा नसून नोंदीच्या दिनांकाचा होता. आकडा बिनचूक, तो सर्वांना एकाच वेळी उपलब्ध, आणि तरीही वाचकाची दिशाभूल! दोष येथे साठवणुकीचा नव्हे, व्याख्येचा आहे.

आता प्रश्न असा, की ही व्याख्या ही साधने कोठे ठेवतात? पॉवर बीआयचेच उदाहरण घेऊ. मूळ तक्ते, त्यांचे परस्परसंबंध आणि मापांची सूत्रे मिळून तेथे एक अर्थप्रतिमान तयार होते. अहवाल त्यावर उभा असतो. ‘सक्रिय विद्यार्थी’ म्हणजे नाव नोंदविलेला, शुल्क भरलेला, की परीक्षेस बसलेला, हा निर्णय त्या सूत्रात घेतला जातो. परंतु ज्याला अहवाल पाहण्यापुरताच अधिकार आहे, त्याला सूत्र दिसत नाही. दिसतो तो स्तंभ वा वर्तुळ. तो शेरा लिहू शकतो, गाळणी लावून वर्ष किंवा जिल्हा निवडू शकतो. मात्र मोजण्याची रीत त्याच्या आवाक्याबाहेर राहते. शिवाय संस्थेने नेमलेल्या व्यक्ती एखाद्या प्रतिमानावर ‘प्रमाणित’ असा शिक्काही उमटवू शकतात. व्यवहारात हा शिक्का सोयीचा आहे. संशोधनात मात्र शंकेचा दरवाजा लावून घेण्याचे काम तो सहज करू शकतो. अशा वेळी सहकार्य या शब्दाचा अर्थ एकाने मोजावे व इतरांनी पाहावे एवढाच उरतो.

याहून निराळी रीत शक्य आहे, हे त्याच साथीच्या काळात दिसून आले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा २२ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेला डॅशबोर्डही क्लाउडवरीलच होता. परंतु त्याच्या मागील तक्ते गिटहबवर सर्वांसाठी खुले होते आणि आकड्यांवरील आक्षेपही तेथे जाहीरपणे नोंदविता येत. १० मार्च २०२३ रोजी संकलन थांबले, तरी तक्ते अभ्यासकांच्या हाती राहिले. भारतात ‘कोविड१९इंडिया’ या स्वयंसेवकांच्या उपक्रमाने ऑक्टोबर २०२१ पर्यंत राज्यांच्या पत्रकांवरून आकडे जुळवून ते खुले ठेवले. या दोन्ही उपक्रमांचे मोल त्यांच्या नकाशांपेक्षा त्यांच्या पडताळणीयोग्यतेत अधिक आहे.

हा विचार आपल्या संख्याशास्त्रीय परंपरेला परका नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी नमुना पाहणीत परस्परगुंफित उपनमुन्यांची पद्धती रूढ केली. एकाच क्षेत्रातून स्वतंत्र उपनमुने काढावयाचे, ते वेगवेगळ्या गटांकडून पाहवून घ्यावयाचे, आणि निष्कर्षांतील तफावतीवरून चुकीचा अंदाज बांधावयाचा, हे तिचे सूत्र. तेथे तफावत लपविली जात नाही. तीच माहिती ठरते. ‘एकच आवृत्ती’ या घोषवाक्याच्या भरात नेमकी हीच माहिती पुसली जाण्याचा धोका आहे. दोन अभ्यासकांची मापे जुळत नसतील, तर त्यांपैकी एक घाईने प्रमाणित करण्यापूर्वी ती का जुळत नाहीत हे पाहणे अगत्याचे आहे.

याचा अर्थ ही साधने त्याज्य आहेत असा नव्हे. मात्र एखाद्या विभागाने ती स्वीकारताना तीन गोष्टींचा आग्रह धरावा. प्रत्येक मापाची व्याख्या अहवालातच, सुबोध भाषेत, दिसली पाहिजे. व्यक्तींची ओळख उघड होणार नाही अशी दक्षता घेऊन मूळ तक्ते पुनर्गणनेसाठी मिळाले पाहिजेत. आणि व्याख्या बदलली, तर ती केव्हा व कोणत्या कारणाने बदलली याची नोंद राहिली पाहिजे. अन्यथा आज उद्धृत केलेला आकडा उद्या त्याच पत्त्यावर निराळा दिसेल आणि प्रबंधातील विधान निराधार ठरेल. पदव्युत्तर विद्यार्थ्याला डॅशबोर्ड वाचावयास शिकविणे पुरेसे नाही. त्यावरील आकडा स्वतः पुन्हा मोजून पाहण्याचा अधिकार त्याला असला पाहिजे. तो अधिकार जेथे नाही, तेथे प्रेक्षकांची संख्या वाढेल. संशोधकांची वाढेलच असे नाही.