ब्रह्मगिरीची तारीख आणि खापरांची साखळी

कालमापनाचा इतिहास आपण शिकतो तो साधारण असा : आधी लोक खापरांवरून अंदाज बांधायचे, मग 1949 मध्ये लिबी यांनी कार्बन-14 ची पद्धत आणली आणि अंदाजांचा जमाना संपला. नेट-सेटच्या पेपरला एवढं पुरतं. संशोधनाला पुरत नाही, कारण यातला शेवटचा भाग खरा नाही. तो का खरा नाही, हे पाहायला मॉर्टिमर व्हीलर यांचा ब्रह्मगिरीचा अहवाल फार उपयोगी पडतो. उत्खनन 1947 चं, अहवाल ‘एन्शंट इंडिया’च्या चौथ्या अंकात आहे.

अहवालातला युक्तिवाद आधी नीट समजून घेऊ. व्हीलर यांना दक्षिण भारतात एक तरी पक्की तारीख हवी होती. ती त्यांना 1945 मध्ये पुद्दुचेरीजवळ अरिकमेडूला मिळाली. तिथे इटलीतल्या अरेझ्झोची लाल चकचकीत भांडी सापडली. ती इ.स.च्या पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातली, हे युरोपात ठाऊक होतं. त्याच ठिकाणी ‘रुलेटेड’ थाळ्या होत्या, म्हणजे आतल्या तळाला दातेरी चाकाने काढलेल्या बारीक खुणांची वर्तुळं असलेल्या. म्हणजे या थाळ्याही साधारण त्याच काळातल्या. आता या थाळ्या कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीला वरच्या, सातवाहनकालीन थरात मिळाल्या. त्याच्या खाली महापाषाण संस्कृतीचा थर, त्याच्याही खाली दगडी कुऱ्हाडींचा. वरचा थर पहिल्या शतकाच्या मध्यावर सुरू झाला असं धरून व्हीलर खाली उतरत गेले आणि महापाषाण संस्कृती तिथे इ.स.पू. 200 च्या सुमारास आली, असं त्यांनी ठरवलं. कुऱ्हाडवाल्यांना त्यांनी इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या आरंभापलीकडे जाऊ दिलं नाही.

साखळी देखणी आहे, आणि व्हीलर प्रत्येक कडी वाचकासमोर उघडी ठेवतात. हा त्यांचा मोठा गुण. आजचे कित्येक प्रबंध एवढंही करत नाहीत, ‘अमुक यांच्या मते’ म्हणून तारीख उचलतात आणि पुढे जातात.

पण कड्या सारख्या मजबूत नाहीत. वरची कडी थोडी सैल निघाली : विमला बेगली यांनी अरिकमेडूची फेरतपासणी केली तेव्हा रुलेटेड भांड्यांची सुरुवात इ.स.पू. दुसऱ्या शतकापर्यंत मागे गेली. म्हणजे ती रोमन मालाच्या आधीची. खरी कमकुवत कडी मात्र मधली. महापाषाण थर किती वर्षांत साचला, हा अंदाज मुख्यतः थराच्या जाडीवरून केलेला आहे. गावातली माती काही घड्याळासारखी साचत नाही! मातीची एक भिंत पडली की जमीन एका पावसाळ्यात वीतभर वर येते. गाव ओस पडलं तर शंभर वर्षांत काहीच साचत नाही, उलट असलेलं वाहून जातं.

पुढे काय झालं ते पाठ्यपुस्तकात असतं. उत्नूरच्या राखेच्या टेकाडाच्या कार्बन तारखा इ.स.पू. 2000 च्याही मागे गेल्या. हल्लूरला लोखंड आलेल्या थराची तारीख इ.स.पू. 1000 च्या आसपास निघाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या प्रयोगशाळेने या कामात मोठी भर घातली. ‘व्हीलर चुकले, विज्ञान जिंकलं’ असं म्हणून आपण पान उलटतो.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. हल्लूरची तारीख कशाची आहे? वस्तीच्या थरातल्या कोळशाची. त्या थरात लोखंड आणि काळी-तांबडी खापरं होती, आणि तशीच खापरं महापाषाण दफनांत मिळतात. म्हणून ‘महापाषाण संस्कृती इ.स.पू. 1000 पासून’. म्हणजे पुन्हा साखळीच, आणि तीही खापरांची! फक्त टोकाला अरेझ्झोच्या भांड्याऐवजी कोळसा टांगला. त्यात काळी-तांबडी खापरं ही कडी रुलेटेड थाळ्यांपेक्षा कितीतरी ढिली आहे. राजस्थानात आहाडला ती इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात आहेत, केरळात फार नंतरही आहेत. भांडं आत काळं आणि बाहेर तांबडं होणं ही भाजण्याची रीत आहे. तेवढ्यावरून ती वापरणारे लोक एकच, असं ठरत नाही.

आणि ‘संस्कृती आली’ हे वाक्य तर कुणी तपासतच नाही. गॉर्डन चाइल्ड यांनी 1929 मध्ये संस्कृतीची व्याख्या केली ती नेहमी एकत्र सापडणाऱ्या वस्तूंच्या संचावरून, आणि त्या संचामागे त्यांनी एक जनसमूह पाहिला. व्हीलर तेच गृहीत धरतात. ब्रह्मगिरीला कुऱ्हाडींच्या आणि महापाषाण थरांत थोडी सरमिसळ त्यांनाही दिसली होती, पण त्यांनी तिचा अर्थ बाहेरून आलेले लोक असाच लावला. विदर्भात माहुरझरीची शिलावर्तुळं, ब्रह्मगिरीच्या भोक असलेल्या दगडी पेट्या, केरळातले छत्रीसारखे दगड हे सगळं एका नावाखाली आलं की त्या नावाला एकच ‘आगमनाची तारीख’ शोधणं ओघानेच येतं. कार्बनने आकडा बदलला, प्रश्न तोच राहिला.

अजून एक अडचण आहे, ती तांत्रिक आहे पण टाळू नका. साधारण इ.स.पू. 800 ते 400 या काळात कॅलिब्रेशनचा आलेख जवळजवळ सपाट आहे. दख्खनच्या लोहयुगाचा मोठा भाग नेमका यातच येतो. नमुना कितीही चांगला असला, तरी एकट्या तारखेचा पल्ला कित्येकदा तीन-चारशे वर्षांचा निघतो. तेव्हा 1960-70 च्या दशकांतल्या अहवालात ‘इ.स.पू. 600’ दिसलं, तर आधी पाहा : ही कॅलिब्रेट केलेली आहे का? अर्धायुष्य 5568 वर्षं धरलंय की 5730? कोळसा कुठला, चुलीतला की खांबाचा? खांबाचं लाकूड घरापेक्षा शंभर वर्षांनी जुनं असू शकतं. मूळ प्रयोगशाळा-क्रमांक मिळाला तर तारीख पुन्हा कॅलिब्रेट करता येते. त्याला अर्धा तास लागतो.

ब्रह्मगिरीचा अहवाल वाचणार असाल तर निष्कर्षाचं प्रकरण शेवटी ठेवा. आधी थरांचे छेद पाहा, मग खापरांची चित्रं, आणि प्रत्येक प्रकार कुठल्या थरापासून कुठल्या थरापर्यंत जातो ते स्वतः कागदावर मांडा. मग व्हीलर यांची रेघ कुठे पडते आणि तुमची कुठे, ते ताडून बघा.