तेरा नंबरचा दिवा

दिवाळी अंकात परीक्षणाला कादंबरी घ्यावी, निदान एखादे नाटक तरी घ्यावे, अशी रीत आहे. आम्ही यंदा घेतली आहे ती एक निळी पाटी. लांबी सात सेंटिमीटरच्या आत, रुंदी साडेपाचच्या आत, दोन्ही कडांना काळ्या भोकांच्या रांगा आणि मध्ये झुरळासारखी एक चिप. तिचे नाव आर्डुइनो उनो. संपादकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण ज्याचा पाठ प्रसिद्ध झालेला आहे, जो कोणीही वाचू शकतो, उतरवून घेऊ शकतो, बदलू शकतो, त्यावर टीका का होऊ नये, या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

या पाटीचा विद्युत्-नकाशा, तिच्यावरच्या तांब्याच्या वाटांची मांडणी आणि तिला चालवणारी भाषा ही सगळी तिच्या कर्त्यांनी जगापुढे उघडी ठेवली आहेत. तुम्ही ती छापा, विका, सुधारा. अट एवढीच, की मूळ कर्त्यांचे नाव घ्या आणि तुमची आवृत्तीही अशीच उघडी ठेवा. आमच्या लहानपणी घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याचा मागचा पुठ्ठा काढला की आत एक कागद चिकटवलेला दिसे आणि त्यावर यंत्राचा सगळा नकाशा. वडिलांना इंग्रजी बेताचेच, पण तो कागद ते पंचांगासारखा वाचत. पुढे रेडिओ लहान झाले आणि कागद नाहीसे झाले. आजच्या टेलिफोनची तर पाठसुद्धा उघडत नाही. तेव्हा मागचा पुठ्ठा मुळातच नसलेली ही पाटी हाती आली, तेव्हा आमचे मन थोडे हळवे झाले, हे आधीच कबूल केलेले बरे. टीकाकाराने आपला पक्षपात सांगून टाकावा.

जन्मकथा अशी. इटलीच्या उत्तरेला इव्ह्रेआ नावाचे गाव आहे. ऑलिव्हेट्टी टाइपरायटरचे गाव म्हणून ते प्रसिद्ध. तेथे आरेखनाचे शिक्षण देणारी एक संस्था होती. विद्यार्थी विद्युतशास्त्राचे नव्हेत, कलावंत. त्यांना स्वस्तात हाताळता येईल असे साधन हवे म्हणून २००५ साली मास्सिमो बान्झी, दाविद क्वार्तिएयेस, टॉम आयगो, जानलूका मार्तिनो आणि डेव्हिड मेलिस या पाच जणांनी ही पाटी सिद्ध केली. संस्था बंद पडण्याच्या बेतात होती. तिच्याबरोबर आपले कामही कुलपात जाईल या भीतीने त्यांनी सगळा पाठ खुला केला. हा औदार्याचा प्रसंग आहे तसा धास्तीचाही आहे, आणि त्यामुळेच तो आम्हांला खरा वाटतो. नाव मिळाले ते गावातल्या एका पेयगृहावरून. पेयगृहाचे नाव १००२ साली इटलीचा राजा झालेल्या आर्दुइनवरून. त्या राजाचे राज्य दोनच वर्षांत गेले, हा भाग त्या वेळी कोणी मनावर घेतला नसावा.

आता कृतीकडे वळू. पाटीवर नवे असे काय आहे? यंत्र म्हणून पाहाल तर जवळजवळ काही नाही. २०१० साली निघालेल्या उनोतली चिप बाजारात मिळणारीच. तिची प्रोग्रॅम साठवण्याची जागा ३२ किलोबाइट, कामाची स्मृती अवघी दोन किलोबाइट. नावीन्य आहे ते भाषेत. या भाषेतला प्रत्येक लेख दोन भागांचा. पहिला ‘सेटअप’, दुसरा ‘लूप’. सेटअप म्हणजे नमन. ते एकदाच म्हणायचे. लूप म्हणजे धृपद. वीज आहे तोवर ते फिरून फिरून येणार. नवशिक्याचा पहिला धडा म्हणजे तेरा नंबरच्या टोकाला जोडलेला इवलासा दिवा एक सेकंद लावायचा, एक सेकंद विझवायचा. दहा-बारा ओळी. पण त्या ओळी कळल्या की मनुष्य वाचकाचा लेखक होतो. व्याकरणाचे ओझे शिष्याच्या डोक्यावरून उतरवून ते गुरूने आपल्या डोक्यावर घेणे, ही साधी गोष्ट नव्हे, आणि या पाटीच्या यशाचे निम्मे श्रेय आम्ही तरी तिच्या भाषेलाच देऊ.

पण श्रेय म्हटले की येथेच ठेच लागते. ही भाषा त्या पाच जणांची नव्हे. त्याच संस्थेत २००३ साली एर्नान्दो बार्रागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाची रचना आरंभली. बान्झी त्याच्या मार्गदर्शकांपैकी एक. ‘पिनमोड’, ‘डिजिटलराइट’, ‘अ‍ॅनालॉगरीड’ हे शब्द, ज्यांवर आज शाळकरी पोरेही हात बसवतात, ते वायरिंगचे. वायरिंगने तरी काय, आधीच्या ‘प्रोसेसिंग’ या रचनेचे ऋण घेतलेच होते. ते मात्र उघडपणे आणि कर्त्यांपैकी एक मार्गदर्शक असताना. आर्डुइनोने स्वस्त चिप घेतली, पाटी लहान केली, आणि वायरिंगच्या पाठावर आपली शाखा उभारली. परवानगी होती, नियम मोडला नाही, वायरिंगचे नावही दडवले नाही. तरी २०१६ साली बार्रागानने आपली बाजू सविस्तर लिहिली. आपल्याला त्या मंडळात घेतलेच नाही, ही त्याची तक्रार वाचताना हे सगळे केवळ कायद्याचे प्रकरण राहत नाही. ऋणनिर्देशाच्या यादीत नाव असणे आणि मुखपृष्ठावर नाव असणे यांतला फरक लेखकांना कोणी समजावून सांगायला नको. खुल्या पाठाच्या तत्त्वात या दुखण्याला औषध नाही, आणि ही त्या तत्त्वाची उणीव आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा दोष अधिक गंमतीचा आहे, आणि आमच्या जुन्या विद्येला जवळचा. आमची भाची शाळेची मोजपट्टी घेऊन बसली होती. म्हणाली, “मामा, या भोकांत सारखे अंतर आहे, पण सात आणि आठच्या मध्ये जास्त का रे?” मुलीचे डोळे चांगले आहेत. भोकांतले अंतर सगळीकडे एक दशांश इंच. फक्त तेथे ०.१६ इंच. कारण काही नाही. मांडणी करताना झालेली चूक! ती ध्यानात येऊन सुधारावी, तोवर पाटीवर बसवायच्या जोडपाट्या त्या चुकीच्या मापाने तयार होऊ लागल्या होत्या. सुधारले असते तर त्या सगळ्या निरुपयोगी झाल्या असत्या. म्हणून चूक कायम राहिली. २०२३ साली चिप पालटून नवी उनो आली, तिच्यातही ती फट आहेच. हस्तलिखितातला अपपाठ पिढ्यान् पिढ्या उतरत यावा तसे हे झाले. पैठणला शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ ठरवला आणि यात कोणी आपली ओवी मिसळू नये असे बजावले. इव्ह्रेआच्या मंडळींनी उलट सांगितले की जरूर मिसळा. मिसळणाऱ्यांचा मेळा एवढा जमला की मूळ कर्त्यालाही पाठशुद्धी करता येईना. खुल्या ग्रंथाचा कर्ता फार लौकर आपल्या वाचकांच्या ताब्यात जातो.

खुलेपणाची सीमाही पाहून ठेवली पाहिजे. नकाशा खुला, पण मध्ये बसलेल्या चिपचे अंतरंग बंद, ते कारखानदाराचे. म्हणजे वाड्याचा दिंडीदरवाजा सताड उघडा आणि देवघराला कडी. आणि नाव तर पहिल्यापासून खुले नव्हतेच. त्या नावावरूनच पुढे पाच जणांत फूट पडली. पाट्या बनवणारी मार्तिनोची कंपनी एकीकडे, उरलेले दुसरीकडे. २०१५ साली प्रकरण अमेरिकेत न्यायालयात गेले, एकच पाटी दोन नावांनी विकली जाऊ लागली, आणि २०१६ च्या ऑक्टोबरात समेट झाला. जे वाटून टाकले होते त्यावरून तंटा झाला नाही. जे राखून ठेवले होते त्यावरून झाला. २०२५ च्या ऑक्टोबरात क्वालकॉम या चिपांच्या बलाढ्य कंपनीने आर्डुइनो विकत घेत असल्याचे जाहीर केले. उपयोग करणाऱ्यांत कुजबुज सुरू झाली. आजवर प्रसिद्ध झालेला पाठ कोणाला परत कुलपात घालता येणार नाही, हे खरे. पुढच्या पाट्यांचे काय, ही शंकाही रास्त.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळ या पाटीच्या नकला अस्सलपेक्षा पुष्कळच कमी भावात मिळतात. नक्कल करण्यास मुभा आहे. नाव छापण्यास नाही. भाचीची पाटीही नकलेचीच, तिच्यावर नुसते ‘उनो’. तिने यंदा आकाशकंदिलात विजेचा दिवा घातला आहे आणि तो पणतीसारखा थरथरावा म्हणून पाटीला लेख लिहिला आहे. पहिल्या खेपेस दिवा भित्र्या सशासारखा दचकू लागला. मग आम्ही दोघे घड्याळ घेऊन ओट्यावरच्या खऱ्या पणतीसमोर बसलो. वात बराच वेळ स्थिर असते आणि मग दोन-तीनदा एकदम हलते, असे दिसले. तिने आकडे बदलले.

लेखाच्या पहिल्या ओळीत कोणा परक्या माणसाचे नाव होते. ज्याचा नमुना तिने उतरवून घेतला होता, त्याचे. खाली तिचे. “ते नाव कशाला ठेवलेस?” आईने विचारले.

“तशी अटच आहे,” ती म्हणाली, आणि कंदील वर चढवायला दोरी मागू लागली.