लोणारचा दैत्य आणि मुंबईचा डोगा

1986 साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मिलरने ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आणलं. त्यातला बॅटमॅन 55 वर्षांचा, थकलेला आणि संतापलेला होता. त्याच वर्षी ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’चे अंक सुरू झाले आणि मुखवटा घालणारी माणसं आतून किती मोडलेली असू शकतात, ते वाचकांना दिसलं. त्याच वर्षी दिल्लीच्या राज कॉमिक्सनेही एक नायक काढला: हिरव्या अंगाचा, मनगटांतून साप सोडणारा नागराज. त्याची सुरुवातीची चित्रं काढली पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. अमर चित्र कथेतले राजे आणि देव रंगवलेला त्यांचा हात नागराजच्या पिळदार अंगातही ओळखू येतो.

नागराजच्या जन्माची गोष्ट चांगलीच काळी आहे. प्रोफेसर नागमणी त्याला अतिरेक्यांना विकायचं हत्यार म्हणून घडवतो. मग बाबा गोरखनाथ त्याचं मन मोकळं करतात आणि हे हत्यार उलटून अतिरेक्यांवरच चालतं. पण पान उलटताना वाचणाऱ्याचे डोळे मोठे होत. भीती आणि मजा तिथे एकाच चौकटीत नांदत होती.

मलकापूर, नांदुरा, शेगाव ही बुलढाणा जिल्ह्यातली, मुंबई-नागपूर लोहमार्गावरची स्टेशनं. अशा गावांत ही हिंदी कॉमिक्स पोचायची ती स्टेशनावरच्या बुकस्टॉलवरून, एसटी स्टँडवरून आणि दिवसाच्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांतून. बुलढाणा जिल्ह्याची उत्तरेची हद्द मध्य प्रदेशाला भिडते, त्यामुळे हिंदी इथल्या पोरांना कधी परकी वाटली नाही. शिवाय मराठी होतीच: टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ आणि मॅन्ड्रेक मराठीत बोलत होते. 1964 साली इंग्रजीत सुरू झालेलं इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडलं.

आजची सुपरहिरो कॉमिक्स फार काळी झाली आहेत का, हा प्रश्न याच जिल्ह्यातल्या लोणारला नेऊन पाहावा. उल्केच्या आघाताने बसाल्टमध्ये पडलेल्या त्या विवराची लोककथा अशी, की लवणासुर जमिनीखाली दडून बसला होता. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेऊन दैत्याच्या बहिणींकडून त्याचा ठावठिकाणा काढला, पायाच्या अंगठ्याने विवराचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच विष्णूचं. कथेत कपट आहे, रक्त आहे, फसवल्या गेलेल्या बहिणी आहेत. तरीही पोरं ती पुन्हा सांगायला लावतात, कारण अंगठ्याने उडालेलं ते झाकण डोळ्यांपुढून हलत नाही. काळोख सुपरहिरोंच्या कथांत पहिल्यापासून आहेच. 1973 मध्ये स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी मेली तेव्हाही वाचक हादरले होते. पण त्या मरणाला वजन होतं, आणि पुढच्या अंकात पीटर पार्कर पुन्हा उडी घेणार याची खात्रीही.

मिलर आणि मूर यांच्यानंतर अमेरिकन प्रकाशकांनी त्यांच्याकडून नेमकी सोपी गोष्ट उचलली: कडवटपणा. त्यांची रचना, त्यांचा विचार मागेच राहिला. खुद्द मूरच्या 1988 च्या ‘द किलिंग जोक’मध्ये जोकर बॅटगर्ल बार्बरा गॉर्डनला गोळी घालून पांगळी करतो. 1992 मध्ये सुपरमॅन मेला आणि थोड्याच काळात परतला. 1954 पासून कॉमिक्सवर पहारा देणारी आचारसंहिता सैल होत गेली आणि 2011 मध्ये बॅटमॅन-सुपरमॅन छापणाऱ्या डीसीनेही ती सोडली. 2018 मध्ये सुरू झालेल्या ‘हीरोज इन क्रायसिस’मध्ये तर मनाने खचलेल्या नायकांच्या आश्रयस्थानातच हत्याकांड होतं. विषय गंभीर आहे, लेखक टॉम किंगचा हेतूही प्रामाणिक असावा. पण त्यातल्या मृत्यूंनी वाचणारा सुन्न होतो, आतून हलत नाही. आणि बारा वर्षांच्या मुलाला त्या पुस्तकाचं दार उघडतच नाही. आत शिरायला आधीची तीसेक वर्षांची कॉमिक्स पाठ असावी लागतात.

मजा पुरती संपलेली नाही. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या ‘ऑल-स्टार सुपरमॅन’मध्ये मरणाच्या दारात उभा असलेला सुपरमॅन छतावरून उडी मारायला निघालेल्या मुलीजवळ थांबतो आणि तिला जवळ घेतो. एवढं एक पान शंभर हाणामाऱ्यांना भारी आहे. 2022 पासून मार्क वेड आणि डॅन मोरा यांनी ‘वर्ल्ड्स फायनेस्ट’मध्ये बॅटमॅन-सुपरमॅनची जुनी जोडी पुन्हा खेळकर केली.

राज कॉमिक्सने काळोख आणि मजेचा हा तोल आणखी आधी साधला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आलेला डोगा हा मुंबईचा नायक. कचऱ्याच्या ढिगात सापडलेलं अर्भक, डाकूच्या हाताखाली गेलेलं बालपण, कुत्र्याचा मुखवटा, गुन्हेगाराला जिवंत सोडायची तयारी नाही. यापेक्षा काळं काय असणार? पण त्याला घडवणाऱ्या चाचांची नावं अदरक, हल्दी, धनिया आणि काली मिर्च! शहरातली कुत्री त्याची बातमीदार, गटारं त्याचे रस्ते. दुसऱ्या टोकाला अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव: सर्कशीत वाढलेला, अंगी कोणतीही अलौकिक शक्ती नसलेला, बुद्धीने आणि विज्ञानाने सुटका करून घेणारा आणि कुणाचा जीव न घेणारा. दोघे एकाच प्रकाशनाचे. मुलांना जो हवा तो उचलता येई, आणि ही मोकळीक फार मोलाची होती.

आज राज कॉमिक्सचं काम गुप्ता बंधूंमध्ये वाटलं गेलं आहे. जुन्या अंकांच्या देखण्या आवृत्त्या निघतात, पण त्या घेणारे बहुतेक पन्नाशीकडे झुकलेले जुने वाचक. हे संग्रहाचं प्रेम आहे. त्याने नवा वाचक तयार होत नाही.

नव्या वाचकाला जवळची वाटेल अशी गोष्ट मात्र एकदा आली होती: 2004 मध्ये गॉथम कॉमिक्सने ‘स्पायडरमॅन इंडिया’ काढलं. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांचा पवित्र प्रभाकर खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला येतो. त्याच्या गावठी कपड्यांवरून वर्गातली मुलं त्याला चिडवतात, काका भीम पैशांची ओढाताण सोसतो. मेहकर-चिखलीकडच्या मुलाला याहून जवळचा सुपरहिरो सापडणं अवघड. कथा चार अंकांत आटोपली. 2023 मध्ये ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात तोच पवित्र हसत-खिदळत पडद्यावर आला, आणि चित्रपट मराठीतही लागला. त्याची छापील गोष्ट मात्र शेगावच्या स्टेशनावर मराठीत मागितली तर मिळणार नाही. कॉमिक्स काळी की मजेदार, हा वाद अमेरिकेतल्या वाचकाला परवडतो. बुलढाण्यातल्या मुलाला निवड करायला आधी स्टॉलवर दोन अंक तरी हवेत, त्याच्या भाषेत आणि त्याच्या खिशाला पेलतील अशा किमतीत.