‘वाटचाल’ आणि मानवशास्त्राचा अभ्यास

विद्यापीठात मानवशास्त्र शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं, हा आजचा प्रश्न. त्यासाठी मी एकच लेख घेतो, इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो ‘परिपूर्ती’ या १९४९च्या संग्रहात वाचला असेल.

आपण हा लेख ललित म्हणून वाचतो. पण गंमत बघा. दिनकर धोंडो कर्वे यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि १९६२ साली ते ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’ या संशोधनपत्रिकेत छापून आलं. लेख एकच, इथे तो ललित, तिथे संशोधन. मग मानवशास्त्र असतं कुठे? मजकुरात, की विभागाच्या दारावरच्या पाटीत?

इरावतीबाईंना मोजमापाचं वावडं नव्हतं. १९३०मध्ये त्यांनी बर्लिनला डॉक्टरेट मिळवली ती मानवी कवट्यांच्या मोजमापांवर. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५३चा. म्हणजे कोष्टकं कशी मांडायची हे त्यांना उत्तम ठाऊक होतं. तरीही वारीबद्दल लिहिताना त्यांनी कोष्टक बाजूला ठेवलं.

लेखात घडतं काय? ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर बाई एका दिंडीत चालतात. दिंडीत ब्राह्मण बायका आहेत, मराठा बायकाही आहेत. अभंग एकत्र, जेवण मात्र वेगवेगळं. बाई मराठा बायकांबरोबरही जेवतात आणि मग त्या बायका मोकळ्या होतात, हात धरून चालतात, त्यांना ताई म्हणू लागतात. पाठ्यपुस्तक याला सहभागी निरीक्षण म्हणतं. इथवर सगळं नियमाप्रमाणे चाललंय. पुण्याला तुमच्याकडे येऊ, असंही त्या म्हणतात. तेव्हा एक तरुण मुलगी विचारते, की आता वागताय तशाच तेव्हाही आमच्याशी वागाल ना?

इथे अभ्यासाची दिशाच उलटते. जिचा अभ्यास चालला आहे, तीच अभ्यासकाला तपासते आहे. मॅलिनोव्स्कींचा ट्रोब्रियांड बेटांवरचा प्रसिद्ध ग्रंथ १९२२चा. पण तिथल्या लोकांबद्दल त्यांना येणारी चीड ज्या खासगी डायरीत होती, ती छापली गेली १९६७मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. इरावतीबाईंनी आपली अडचण लेखातच ठेवली. हे मला फार मोलाचं वाटतं.

आता माझा आक्षेप. तो प्रश्न मनाला लागल्याचं बाई लिहितात आणि लगेच हजारो वर्षांकडे वळतात: इतका काळ शेजारी राहूनही ते आपले झाले नाहीत, आपण त्यांचे झालो नाही. वाक्य खरं आहे, पण ते त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर नाही. तिने इतिहास विचारलेला नाही. पुण्यातल्या घराचं दार वाजलं, की पाट कुठे मांडला जाईल, एवढंच तिला हवंय. तिचा प्रश्न पुढच्या महिन्याचा, उत्तर मात्र सहस्रकांचं. आणि या उत्तरात ‘आपण’ म्हणजे कोण, हे बदललेलं नाही. एकत्र जेवण झालं, तरी लेखाचा ‘आपण’ आधी होता तिथेच राहिला.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून मला इथे दोन प्रकारचे प्रश्न दिसतात. एक जाणण्याचा: हे लोक असे का वागतात? दुसरा वागण्याचा: मी यांच्याशी कसं वागायचं? विद्यापीठ पदवी देतं ती पहिल्यासाठी. दुसऱ्याला मार्क नाहीत, म्हणून विद्यार्थी तो प्रबंधाच्या ऋणनिर्देशात दोन ओळींत उरकतात. ‘सहकार्याबद्दल आभार.’ झालं!

तेव्हा क्षेत्रकार्याला निघणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: प्रश्नावली न्याच. पण तुम्ही कोणते प्रश्न विचारले, याबरोबर तुम्हाला लोकांनी कोणते विचारले, हेही वहीत लिहा. आणि त्यांचं काय उत्तर दिलंत, तेही. दिलं नसेल, तर तसं लिहा. प्रबंधात त्यालाही एक प्रकरण मिळायला हवं.

थांबतो. आता तुम्ही विचारा.